मिठ्या बहाराचे अंजीर आणि रस्त्यावरचा तराजू

फाल्गुनाच्या वद्य पक्षात शाळूची कणसे खुडून खळ्यावर येतात, हरभऱ्याचे घाटे वाळून खडखडू लागतात, सीताफळाच्या बागा पानगळ होऊन उघड्याबोडक्या दिसतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या पुरंदर तालुक्यात अंजिराचा मिठा बहार भरास येतो. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे जाणाऱ्या वाचकांनी त्या दिवसांत रस्त्याच्या कडेस अंजिराच्या पानांवर फळे मांडून बसलेल्या बायाबापड्या अवश्य पाहिल्या असतील. त्या रांगेतील एक तराजू आमच्या घरचा आहे. तो तेथे कसा गेला, त्यापासून घरात काय आले, आणि आलेला पैसा मोजताना आमची कोठे चूक झाली, हे आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडावे एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आरंभी आमच्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. आमची वडिलोपार्जित जमीन सव्वातीन एकर. त्यांपैकी विहिरीखालच्या २० गुंठ्यांत अंजिराची ९० झाडे, बांधालगत सीताफळ, व उरलेल्या रानात पाण्याच्या मानाने शाळू, कांदा किंवा वाटाणा. आम्ही स्वतः महसूल खात्यात कारकुनी केली. इतरांच्या सातबाऱ्यावरील पीकपाहणीचे रकाने आयुष्यभर तपासले. परंतु पीक स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेण्याचा प्रसंग फारसा आला नाही. शेती पाहात ते आमचे धाकटे बंधू. सन २०१९मध्ये त्यांच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली व जड काम वर्ज्य झाले, सबब मुदत शिल्लक असतानाच आम्ही निवृत्ती घेऊन गावी आलो. घरात मातोश्री, बंधू, भावजय, एक पुतण्या व आम्ही उभयता. शेतीत आम्ही नवखे व हिशेबात जुने, ही गोष्ट वाचकांनी पुढील मजकूर वाचताना ध्यानी ठेवावी.

अंजिराच्या विक्रीचा प्रश्न त्या फळाच्या स्वभावातच आहे. आंबा पाडाला आला की उतरून अढीत घालता येतो, चिकू दोन दिवस ठेवून पिकविता येतो. अंजीर झाडावरच पिकावे लागते. कच्चे तोडले तर ते नुसते मऊ पडते, गोड होत नाही. पिकून तोडले तर चैत्राच्या उन्हात दुसऱ्या दिवशी त्याचा रंग उतरतो व तिसऱ्या दिवशी ते आंबते. अर्थात जो माल दूर पाठवावयाचा, तो पुरता पिकण्यापूर्वीच काढावा लागतो. आणि ज्याला खरी गोडी आहे, तो दूर जाऊ शकत नाही. पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि मानांकनाने फळाचे आयुष्य एक दिवसानेही वाढलेले नाही.

बहाराच्या दिवसांत आमच्या घरची पहाट चार वाजता होते. भावजय चुलीवर चहाचे आधण ठेवते तोवर पुतण्या विहिरीवरची मोटर सुरू करून येतो. तोडणी सूर्योदयापूर्वी व्हावी लागते, कारण ऊन चढले की फळ तापते आणि तापलेले फळ पाटीत लवकर बसते. पिकलेले फळ ओळखण्याची खूण अशी की, त्याची मान लवते. काल जे देठावर ताठ उभे होते, ते आज खाली पाहू लागते, अंगावरचा हिरवा रंग जाऊन तांबूस-जांभळी झाक येते, व अंगठ्याने हलके दाबले असता ते किंचित दबते. असे फळ देठासह अलगद पिरगळून काढावे. ओढल्यास मानेची साल सोलली जाते व तेथूनच ते सडू लागते. देठातून जो पांढरा चीक निघतो, तो बोटांस लागून कातडी सोलवटते. अंजिराचे पानही खरखरीत. तासाभराच्या तोडणीनंतर मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटते. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणाने हात तसेच उघडे ठेवून तोडणीस गेलो व पुढे आठ दिवस लेखणीही धरवेना. भावजय हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची वाटी व जुन्या धोतराच्या चिंध्या आमच्यापुढे आणून ठेवल्या. तेव्हापासून तेल लावून, चिंध्या गुंडाळूनच आम्ही बागेत पाऊल टाकतो.

झाडे रोज पाहावी लागतात. एक दिवस चुकला तर बुलबुल व पोपट चुकत नाहीत, आणि रात्री वटवाघळे येतात ती निराळीच. मातोश्रींचे वय झाले आहे, तरी बांधावरच्या आंब्याखाली बसून पत्र्याचा डबा वाजविण्याचे काम त्यांनी कोणास दिलेले नाही. त्या आंब्यास या दिवसांत मोहर गळून बाळकैऱ्या लागलेल्या असतात. दूर ओढ्याकाठी पांगारा लालभडक फुललेला असतो. पहाटेचा गारवा नऊ वाजेपर्यंत नाहीसा होतो. विहिरीचे पाणी रोज थोडे थोडे खाली जाताना दिसते आणि झाडावर अजून किती फळ आहे व विहिरीत किती पाणी आहे, या दोहोंचा मेळ मनाशी घालीतच न्याहारी होते. वसंत ऋतूचे वर्णन कवींनी पुष्कळ केले आहे. बागाईतदाराचा वसंत हा असा आहे.

आमच्या आजोबांच्या काळी पानांत बांधलेल्या करंड्या बैलगाडीने रात्री घाट उतरून पुण्यास जात. त्या काळच्या बाजारातील हत्ता पद्धत त्यांनी पाहिली होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून दर ठरवीत आणि माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा राहून रुमालाकडे पाहात असे. रॉयल कमिशनने १९२८च्या अहवालात नियमित बाजारपेठांची शिफारस केली, मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३चा कायदा आला, आणि उघड लिलाव, अधिकृत वजन व लेखी पट्टी या गोष्टी शेतकऱ्यांस मिळाल्या. हे लहान काम झाले नाही. आज बाजार समित्यांस नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रुमाल पाहिलेला नाही. त्यानंतर जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, व आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शहरांतून शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. म्हणजे कायद्याची वाट मोकळी होऊन चार वर्षे लोटली, तरी आमची पाटी जुन्याच वाटेने जात होती. याचे कारण कायद्यात नव्हते.

कारण उचलीत होते. बंधूंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्री दहा वाजता पैशाची गरज पडली तेव्हा बँक बंद होती व नातलग विचार करीत होते. आमचा अडत्या मात्र तासाभरात ६०,००० रुपये घेऊन दवाखान्यात आला. कागद नाही, साक्षीदार नाही. 'माल येईल त्यातून फिटेल,' इतकेच तो बोलला. सातबाऱ्यावर नोंद नसलेला असा हा बोजा. परंतु फेरफाराने चढविलेल्या बोजापेक्षा तो अधिक घट्ट बसतो. त्याच्या गाळ्यावाचून दुसरीकडे एक करंडी पाठविणे म्हणजे कृतघ्नपणा, अशी घरातील सर्वांची समजूत होती व आमचीही होती. पट्टी येई ती आम्ही कारकुनी सवयीने तपासून पाहात असू. भाडे, हमाली, तोलाई वजा होऊन खाली जो आकडा उरे, तो बरोबर असे. बेरजेत चूक कधी सापडली नाही. दर काय लागला हे मात्र पट्टी आल्यावरच कळे.

सन २०२०चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता, व त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढी उभारून, कडुनिंबाची पाने व गूळ खाऊन आम्ही बागेत गेलो तो झाडांवर पिकलेल्या माना लवलेल्या. पहिले काही दिवस कसेबसे वाहन मिळाले. पुढे एप्रिलमध्ये गुलटेकडीचा बाजार काही आठवडे बंदच राहिला. अडत्याचा दूरध्वनी आला की माल पाठवू नका, उतरून घेण्यास हमाल नाहीत. रोज पंचवीस-तीस किलो फळ तयार होत होते. दोन दिवस ते शेजारीपाजारी वाटले, तिसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकले. गुरे अंजीर आवडीने खातात हे त्या दिवशी आम्हांस कळले. ते न कळते तर बरे होते.

पुतण्याचा एक शाळासोबती पुण्यात एका मोठ्या गृहसंस्थेत राहतो. तेथील लोक भाजी-फळांवाचून अडले होते. त्याने पुतण्यास विचारले, पुतण्याने आम्हांस. वाहनाच्या परवान्याचा अर्ज आम्ही लिहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, पण स्वतःसाठी लिहिलेला हाच पहिला अर्ज. तो त्याच दिवशी मंजूर झाला, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. मग संध्याकाळी पुतण्या अंगणात उभा राहून म्हणाला, "तात्या, ते दर विचारतायत. काय सांगू?"

कोणीच उत्तर देईना. ज्या घरात तीन पिढ्या अंजीर पिकला, त्या घरात त्याचा दर कधी कोणी उच्चारला नव्हता. बंधू खाटेवरून म्हणाले, "दादा, तुम्हीच सांगा." आम्ही मातोश्रींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मागल्या साली पट्टीत जास्तीत जास्त काय पडला होता?" ५५ पडला होता. शहरात तेच फळ दुकानात १२० रुपये किलोने जाते हे पुतण्यास ठाऊक होते. बराच वेळ घोळ घालून ८० रुपये ठरले, आणि ते सांगताना पुतण्याचा आवाज इतका खाली गेला की पलीकडच्या माणसाने दोनदा विचारले. पहिल्या खेपेस ४० किलो गेले, दुसऱ्या खेपेस मागणी ९० किलोची आली, व तेवढे फळच नव्हते. त्या हंगामाचे अंजीर पुढे गुरांपुढे पडले नाही.

बाजार पुन्हा सुरू झाल्यावर घरात वाद उपस्थित झाला. भावजयीचे म्हणणे पडले की, पुढल्या बहारास घाटमाथ्याच्या रस्त्यावर बसावे. बंधूंस ते रुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याहून कमी रुचले. ज्या रस्त्याने आम्ही कचेरीस गेलो, जेथे अजून ओळखीचे लोक मोटारीतून जाताना हात करतात, त्या रस्त्यावर आमच्या घरची सून तराजू घेऊन बसणार, ही कल्पना मनास लागली. तसे आम्ही बोलूनही दाखविले. भावजय आमच्यापुढे सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी पदर सावरून इतकेच म्हणाल्या, "भाऊजी, माल चोरीचा असता तर लाज वाटली असती." मातोश्रींनी त्यावर काही न बोलता कोनाड्यातली जुनी तागडी काढून पुसावयास घेतली. वाद तेथे संपला.

अडत्यास मात्र हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आम्ही स्वतः गाळ्यावर जाऊन सांगितले. रागावेल अशी अपेक्षा होती. तो म्हणाला, "साहेब, बागेत पिकेल ते सगळं रस्त्यावर खपायचं नाही. राहील ते पाठवा, आणि माझे पैसे विसरू नका." पैसे आम्ही २०२१मध्ये २५,००० व २०२२मध्ये ३५,००० असे फेडले. त्या दिवशी घरी येऊन आम्ही वहीत बोजा कमी केल्याची नोंद लाल शाईने घातली. उचल फिटली तरी त्याच्याकडे माल पाठविणे आम्ही बंद केलेले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

फेब्रुवारी २०२१पासून तराजू रस्त्यावर लागला. जागा एका परिचिताच्या शेताच्या बांधावर, त्यांच्या संमतीने, रस्त्याच्या हद्दीपासून आत. ही गोष्ट कारकून म्हणून आग्रहाने सांगतो: सरकारी रस्त्याच्या हद्दीत मांडलेली पाल आज ना उद्या उठते, शिवाय मोटारी थांबविण्यास जागा नसेल तर अपघाताचे पाप माथी येते. तागडी बाजूस ठेवून वजनमापे खात्याचा शिक्का असलेला काटा घेतला. गिऱ्हाईक दिवसागणिक निराळे. गुरुवारी नारायणपूरच्या दत्ताला जाणारे, रविवारी जेजुरीच्या खंडोबाला जाणारे, शनिवारी नुसते हवा खाण्यास निघालेले. चैत्री पौर्णिमेस जेजुरीची यात्रा असते, तेव्हा दुपारपर्यंत पाटी रिकामी होते. सोम-मंगळवारी मात्र माशा वारीत बसावे लागते. तेव्हा बाग माणसांचा वार पाहून पिकत नाही, ही अडचण प्रत्येकाने आधीच हिशेबात धरावी.

गिऱ्हाईक अनेक प्रश्न विचारते व त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत. सर्वांत नेहमीचा प्रश्न, 'अंजिरात किडे असतात ना हो?' हा. उंबर फोडले की आत केंबरे दिसतात, व अंजीर हे उंबराचेच भावंड, म्हणून ही शंका. अंजीर, उंबर, वड, पिंपळ ही सर्व एका कुळातील झाडे. त्यांची फुले फळाच्या पोटातच असतात, आणि उंबराच्या जातीत बारीक कीटक आत शिरून परागांची देवघेव करतो. परंतु आपल्याकडे लावतात त्या पुणेरी अंजिरास फळ धरण्यासाठी परागांची गरजच लागत नाही, सबब त्या कीटकाचेही काम नाही. आम्ही हे कृषी महाविद्यालयातील एका जाणत्या गृहस्थांकडून समजून घेतले व भावजयीस सांगितले. त्यांनी माझे एवढे लांबलचक व्याख्यान बाजूस ठेवले. त्या एक फळ उचलतात, गिऱ्हाइकासमोर दोन बोटांनी उकलून गुलाबी गर दाखवितात व अर्धे त्याच्या हातावर ठेवून अर्धे स्वतः खातात. दहांतील आठ जण किलोभर घेऊनच उठतात.

आता आमच्या दोषाची हकीकत. बाजारात करंडी भरताना मोठी, रंगदार फळे तोंडावर लावावयाची व लहान-मोठी मिसळ खाली, ही रीत पिढीजात आहे. लिलावात बोली तोंड पाहून लागते. अडत्या हे जाणतो, खरेदीदारही जाणतो, आणि तेवढी खोट धरूनच तो बोलतो. कोणीच फसत नाही, असे आपण मनाचे समाधान करून घेतो. रस्त्यावरच्या पेट्याही पुतण्याने त्याच हाताने भरल्या. २०२२च्या फाल्गुनात एका रविवारी एक वृद्ध बाई मोटारीतून उतरल्या व मागल्या रविवारी नेलेली पेटी भावजयीपुढे ठेवली. ती त्यांनी जपून परत आणली होती. आत खालच्या थरातील सहा फळे तशीच वाळत पडलेली. ती खाण्याजोगी नव्हतीच. बाई रागे भरल्या नाहीत. "आजारी माणसासाठी नेली होती हो," इतकेच म्हणाल्या. भावजयीने त्यांस दुसरी पेटी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि तराजू उचलून भर गर्दीच्या वेळी घरी परत आल्या. त्या रात्री घरात फारसे कोणी बोलले नाही. पुतण्याचा दोष होता म्हणावे तर त्यास ही रीत आम्हीच, त्याच्या वडीलधाऱ्यांनीच, शिकविली होती. दुसऱ्या दिवसापासून प्रतवारी तीन ठरली: पूर्ण पिकलेले व निर्दोष ते रस्त्यावर, एका थरात, उघड्या पेटीत, किंचित ताठ ते बाजारास, आणि डागी, फुटके ते घरी शिजविण्यास. एका थराच्या पेटीस खालचे तोंड नसते.

ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा आली. बाजारातील खरेदीदार आमच्या करंडीवरील नाव विसरतो. रस्त्यावरचे गिऱ्हाईक चेहरा विसरत नाही, चांगल्या कारणानेही नाही व वाईट कारणानेही नाही.

आता हिशेब. थेट विक्रीवर जे जे ऐकू येते, त्यात बहुधा एकच वाक्य असते: बाजारात ५० मिळत होते, आता १०० मिळतात, म्हणजे दुप्पट. आम्हीही पहिली दोन वर्षे असेच म्हणत होतो व ऐकणारे माना डोलावीत. सन २०२४च्या हंगामात मात्र आम्ही कीर्द-खतावणी नीट घातली. त्या हंगामात एकंदर २,५४० किलो फळ निघाले. १,०३० किलो बाजारास गेले; भाडे, हमाली, तोलाई व करंड्यांचा खर्च वजा जाता किलोस सरासरी ४६ रुपये हाती पडले. रस्त्यासाठी म्हणून १,५१० किलो काढले, त्यांपैकी विकले गेले १,३८०, सरासरी १०० रुपयांनी, म्हणजे १,३८,००० रुपये. बाकीचे १३० किलो चाखण्यास गेले, उन्हाने उतरले किंवा सायंकाळी घरी परत आले.

आता यातून वजा करावयाचे. पेट्या व कागद ८,२८० रुपये. ये-जा करण्यास पेट्रोल ४,५०० रुपये. आणि तिसरी रक्कम, जी आम्ही दोन वर्षे धरलीच नव्हती: भावजय ७४ दिवस रस्त्यावर बसल्या. गावात बाईमाणसाची मजुरी आम्ही ३०० रुपये धरली, तिचे २२,२०० रुपये झाले. ही रक्कम वहीत लिहिताना बंधू म्हणाले, "घरच्या माणसाची कसली मजुरी, दादा?" आम्ही म्हणालो, त्या ७४ दिवसांत त्या दुसऱ्याच्या कांद्यावर गेल्या असत्या तर ही रक्कम घरात आली असती की नाही? ते गप्प राहिले. एकंदर खर्च ३४,९८० रुपये, निव्वळ उरले १,०३,०२० रुपये. ते विकलेल्या फळावर न वाटता तोडलेल्या १,५१० किलोवर वाटले पाहिजेत, कारण खराब झालेले फळही झाडानेच दिले होते. किलोस ६८ रुपये पडले. म्हणजे १०० नव्हेत, ६८. आणि बाजाराहून अधिक ते ५४ नव्हेत, २२. सबंध हंगामात तेहतीस हजारांच्या आसपास फरक.

तेहतीस हजार ही थोडी रक्कम नव्हे. आमच्यासारख्या घरास तीत पुढल्या बहाराचे शेणखत व छाटणी होते. पण ती दुप्पट नव्हे, आणि दुप्पट समजून जो आपली बाग रस्त्यावर आणून ओतील, तो वैशाखात पस्तावेल. आमचे मत असे झाले आहे की, घरातील माणूस जेवढे फळ दिवसाकाठी हाताने विकू शकते तेवढेच रस्त्यावर न्यावे. आमच्या घरी ते मान वीस किलोंचे आहे, रविवारी पन्नासांचे. त्यापलीकडचे फळ सकाळीच बाजाराच्या वाटेला लावावे; सायंकाळची वाट पाहू नये. आणि ज्याचे शेत रस्त्यापासून वा शहरापासून दूर आहे, ज्याच्या घरी बसण्यास माणूस नाही, त्याने दुसऱ्याचे पाहून या फंदात पडू नये. गावातील एका जाणत्या बागाईतदाराने मोलाचा माणूस रस्त्यावर बसवून पाहिला. माणसाची मजुरी निघाली, माल मात्र कोठे गेला ते कळले नाही.

बाजार सोडू नये याचे दुसरे कारण पावसाने दाखविले. मार्च २०२३च्या मध्यास राज्यात अवकाळी पाऊस झाला. आमच्या बागेवर गारा पडल्या नाहीत, पण दोन रात्री सरी आल्या. पिकत आलेल्या अंजिरावर पाऊस पडला की फळ फुगते व तोंडाशी फुटते. पाठोपाठ पानांवर तांबेऱ्याचे ठिपके उठतात. रस्त्यावर त्या दोन दिवसांत चिटपाखरू नव्हते. पुतण्याने अडत्यास विचारले. त्याने फुटलेले फळही ठेवून घेतले, गराचा धंदा करणाऱ्यास दिले, व किलोस १८ रुपयांची पट्टी पाठविली. १८ रुपये म्हणजे काही नव्हे. पण तेच फळ रस्त्यावर कोणी फुकटही नेले नसते. ज्या अडत्यास आम्ही मनातल्या मनात कितीदा दूषणे दिली, त्याने दवाखान्यात एकदा व पावसात एकदा, अशी दोनदा बाजू राखली, हे आमच्या वहीत लिहिलेले आहे.

आणखी एक बाब जिचा रकाना आमच्या खतावणीत नाही. बंधूंस जड काम चालत नाही, म्हणून ते वर्षभर खाटेवर बसून कुढत असत. आता पहाटे फळांची प्रतवारी तेच करतात. पाटावर बसून, कंदिलाऐवजी विजेच्या दिव्याखाली, एकेक फळ हातात फिरवून तीन ढीग घालतात, आणि त्यांनी डागी म्हणून बाजूस टाकलेले फळ परत पेटीत घालण्याची कोणाची छाती नाही. मागल्या रामनवमीस भावजय रस्त्यावरून येताना एक पेटी तशीच परत घेऊन आल्या. बंधूंनी विचारले, "खपली नाही?" त्या म्हणाल्या, "खपत होती. दुपारी उन्हानं उतरली, म्हणून मीच दिली नाही."

यंदाच्या बहाराची छाटणी आश्विनात आटोपली व झाडांनी फळ चांगले धरले आहे. पाण्याचे मान मात्र जेमतेम आहे. वैशाखाचा पहिला पंधरवडा निघाला तरी पुष्कळ. एका गोष्टीत वाचकांचे साहाय्य हवे आहे. एका थराच्या कागदी पेट्या महाग पडतात व दवाने ओल्या होऊन बसतात. पूर्वी आमच्या बाजूस बुरूड लोक उथळ, पसरट करंड्या विणीत, त्यांत अंजिराचे पान घातले असता फळ थंड राही. आता तशा करंड्या करणारे आमच्या टापूत उरलेले दिसत नाहीत. कोणा वाचकाच्या गावी अशा करंड्या, एक किलो फळ एका थरात मावेल इतक्या तोंडाच्या, अजून होत असतील, तर शेकड्याचा भाव व पाठवणीची व्यवस्था या मासिकाच्या पत्त्यावर कळवावी. आम्हांस माघ अखेरपर्यंत निदान पाचशे करंड्या लागतील.